गुलाबी छापून आलेली तबकडी

पश्चिम बर्लिनमध्ये कोनराड श्निट्झलर यांच्या घरासमोर एक परदेशी पोरगा येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. पत्ता त्याने कुठून तरी मिळवला होता. श्निट्झलर यांना त्याला आत घेण्याची फारशी इच्छा नव्हती, पण बराच वेळ झाला तरी स्वारी हलेना, तेव्हा अखेर त्याला चहाला बोलावलं गेलं. तो नॉर्वेहून आला होता. त्याचा एक बँड होता. त्या बँडची पहिली तबकडी निघायची होती आणि तिच्या सुरुवातीला वाजवायला त्याला श्निट्झलर यांच्याकडून काहीतरी हवं होतं. श्निट्झलर यांनी आपल्या संग्रहातून हाताला लागली ती एक रचना काढली आणि देऊन टाकली.

श्निट्झलर कोण, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. योझेफ बॉइस या जर्मन कलावंताच्या हाताखाली शिकलेले, ‘टँजरीन ड्रीम’च्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममध्ये वाजवलेले आणि ‘क्लुस्टर’ या बँडचे एक संस्थापक. जर्मनीतल्या प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मुळाशी असलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक. सूर-ताल या गोष्टींशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. थोड्याथोडक्या प्रती काढून आपलं संगीत ते स्वतःच प्रसिद्ध करत. लोकप्रियता अशी त्यांच्या वाट्याला कधी आली नाही आणि ते तिच्या मागेही लागले नाहीत. त्यांनी दिलेल्या रचनेचं नाव ‘झिल्वेस्टर आनफांग’. दोन मिनिटांच्या आत संपणारा, कवायतीला निघालेल्या ढोलपथकासारखा ठोका. भीती वाटावी की हसू यावं, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

दारात बसलेल्या पोराचं नाव ऑयस्टाइन आर्सेथ. जन्म १९६८ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम एकोणीसचा. बँडचं नाव ‘मेहेम’ आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या त्या तबकडीचं नाव ‘डेथक्रश’.

नॉर्वेजियन ब्लॅक मेटलविषयी काहीही वाचायला घ्या, सुरुवात बहुतेक आगीने होते. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फानटोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं आणि पुढच्या काळात आणखी चर्चेस पेटवली गेली. मेहेमचा स्वीडिश गायक पेर इंगवे ओलिन, टोपणनाव ‘डेड’, याने ८ एप्रिल १९९१ ला आत्महत्या केली. १० ऑगस्ट १९९३ च्या पहाटे ऑस्लोत आर्सेथचा खून झाला. खुनी वार्ग विकर्नेस हा त्याच्याच वर्तुळातला, त्याच्याच कंपनीने रेकॉर्ड काढलेला, मेहेमच्या आगामी अल्बमवर बास वाजवलेला. १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. पुस्तकं निघाली, चित्रपट निघाला, टी-शर्ट निघाले. एवढा मजकूर हाताशी असल्यावर संगीताकडे वळायला कोणाला सवड असणार! मलाही ही माहिती एका परिच्छेदात उरकून घ्यायची होती, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट या सगळ्याच्या आधीची आहे. तिच्यात एकही चर्च जळत नाही. उपनगरातल्या कंटाळलेल्या पोरांनी पदरमोड करून साडेसतरा मिनिटांचा कल्लोळ रेकॉर्ड केला, एवढीच ती गोष्ट.

उपनगराचं नाव लांगहूस. ऑस्लोहून दक्षिणेला जाणाऱ्या लोकलवरचं एक स्टेशन. घरं नीटनेटकी, रस्ते स्वच्छ. समुद्रातल्या तेलाचा पैसा देशात मुरायला लागलेला. शाळा, दवाखाना, म्हातारपण या सगळ्याची सोय सरकारने लावलेली. चर्चही सरकारीच. ल्युथरन पंथाला राज्यधर्माचं जे घटनात्मक स्थान होतं, ते नॉर्वेने थेट २०१२ मध्ये बदललं. मूल जन्मलं की बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दीक्षेचा समारंभ आणि भेटवस्तू. श्रद्धा असो नसो, एवढं व्हायचंच. या सरकारी चर्चच्या देशात सेन्सॉरही कडक. मॉन्टी पायथनच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या ख्रिस्तकालीन विनोदी चित्रपटावर त्याने सुरुवातीला बंदी घातली, तेव्हा शेजारच्या स्वीडनमध्ये, नॉर्वेत बंदी यावी इतका हा विनोदी, अशी त्याची जाहिरात झाली.

आणि संगीत? १९८५ हे नॉर्वेचं सुवर्णवर्ष. मे महिन्यात ‘बॉबीसॉक्स’ या जोडीने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, ऑक्टोबरमध्ये ‘आ-हा’चं ‘टेक ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. देशाचा ऊर भरून आला. त्याआधीच्या वर्षी लांगहूसमध्ये मेहेम सुरू झाला होता, याची दखल अर्थातच कोणी घेतली नव्हती.

मूळचे तिघे. गिटारवर आर्सेथ, ज्याने पुढे ‘युरोनिमस’ हे नाव घेतलं. बासवर यॉर्न स्तुबरूड ऊर्फ ‘नेक्रोबुचर’. ड्रम्सवर शेटिल मानहाइम, ज्याला टोपणनावाची गरज वाटली नाही. स्तुबरूड आणि मानहाइम यांचा त्याआधी ‘मुस्ता’ नावाचा एक बँड होता. ब्लॅक सॅबथ, मोटरहेड आणि पंक अशा सगळ्या मंडळींना तिथे एकाच पंगतीत बसवलेलं असायचं. मेहेमच्या स्वभावात हे मिश्रण पहिल्यापासून होतं आणि ‘डेथक्रश’ समजून घ्यायची तर तेच धरून ठेवावं लागतं.

मेटल आणि पंक हे त्या काळात एकमेकांकडे नाक मुरडणारे शेजारी. मेटलवाल्याला वाजवता यायला हवं, लांब सोलो मारता यायला हवा. पंकवाल्याचं म्हणणं, तीन कॉर्ड येतात ना, मग कर बँड सुरू. पण इंग्लंडमध्ये ही भिंत आधीच पडली होती. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ‘डिस्चार्ज’ने एक घोडदौडीचा ठेका रूढ केला, जो पुढे डी-बीट म्हणून ओळखला गेला. त्यावर करवतीसारखी गिटार आणि ओरडून म्हटलेल्या दोन-चार ओळी, की गाणं झालं. न्यूकासलच्या ‘व्हेनम’ने मोटरहेडचा दणका घेतला, त्यावर सैतानाची शिंगं लावली, आणि १९८२ च्या त्यांच्या अल्बमने या प्रकाराला पुढे चिकटलेलं नाव दिलं, ‘ब्लॅक मेटल’. व्हेनमला नीट वाजवता येत नाही, असं समीक्षक म्हणत. लांगहूसच्या पोरांना ती शिफारस वाटली. स्वतःच्या बँडचं नावही त्यांनी व्हेनमच्याच एका गाण्यावरून घेतलं. स्टॉकहोमचा ‘बाथोरी’, गेल्सनकिर्शनचा ‘सोडोम’, स्वित्झर्लंडचा ‘हेलहॅमर’ हे सगळे तेव्हा असेच, हाताला येईल तसं वाजवणारे.

घराजवळ ऑस्लोत पंकचं एक ठाणं होतं. पिलेस्त्रेडेतल्या एका इमारतीत तरुणांनी १९८२ मध्ये ठाण मांडलं आणि ‘ब्लिट्झ’ नावाचं केंद्र उभं केलं. डावं राजकारण, स्वस्त जेवण, पोलिसांशी मारामाऱ्या आणि ‘स्वार्ट फ्रामटिड’सारखे वेगवान, संतापलेले बँड. आर्सेथ स्वतःही काही काळ कम्युनिस्टांच्या ‘रोड उंगडोम’ या युवक संघटनेत होता. पंककडून या पोरांनी ठेक्याइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट उचलली: आपलं आपण करायचं. कंपनी दारात उभी करणार नाही, मग कंपनीच काढायची. दुकानदार ठेवणार नाही, मग टपालाने पाठवायचं. साठच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी सायक्लोस्टाइलवर लघुअनियतकालिकं काढली आणि मोठ्या मासिकांच्या संपादकांना फाट्यावर मारलं, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

टपाल हा तर या साऱ्या प्रकाराचा कणाच. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरायची, लिफाफ्यात घालायची आणि अनोळखी माणसाला पाठवायची. त्या बदल्यात त्याची कॅसेट यायची. तिकिटावर डिंकाचा किंवा साबणाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चालतं, ही युक्ती जगभरच्या पोरांना माहीत होती. सार्प्सबोर्गमधून १९८५ पासून ‘स्लेयर’ नावाचं घरगुती मासिक निघत होतं, त्यातून बँडचे पत्ते कळत. आर्सेथ या पत्रव्यवहारातला दादा माणूस. मेहेमची पहिली डेमो कॅसेट १९८६ ची. आवाज असा की कपाटात बसून भिंतीपलीकडचं बांधकाम ऐकावं. ती अशीच लिफाफ्यांतून फिरली.

‘डेथक्रश’ १९८७ च्या सुरुवातीला रेकॉर्ड झाली, त्याच लोकलमार्गावर ऑस्लोच्या बाजूला असलेल्या कोलबोटनच्या क्रिएटिव्ह स्टुडिओत. गायनाला दोघे. आधीचा गायक एरिक नूरहाइम ऊर्फ ‘मसायाह’ आणि नवा आलेला स्वेन एरिक क्रिस्तियान्सेन ऊर्फ ‘मेनिअ‍ॅक’. दोघांतला फरक कानाला लगेच कळतो. मसायाह भुंकतो, त्याचं मूळ थेट पंकमध्ये आहे. मेनिअ‍ॅक किंचाळतो. घसा फाटेल अशा त्या उंच, चिरक्या आवाजात अक्षरं विरघळून जातात. पुढे नॉर्वेत शेकडो गायकांनी जी किंचाळी आपली म्हणून मिरवली, तिचा एक पूर्वज इथे आहे.

तबकडी सुईखाली आली की आधी श्निट्झलर यांचा तो ठोका. तो संपतो न संपतो तोच शीर्षकगीत आदळतं. गिटारचा आवाज मधमाशांच्या पोळ्यासारखा, पण अजून तो पुढच्या ब्लॅक मेटलचा थंड, धुक्यासारखा पसरणारा आवाज नाही. तो जाड आहे, ओबडधोबड आहे. मधेच गाणं वेग कमी करतं आणि असा एक डुलता ठेका धरतं, की समोर गर्दी असेल तर ती एकमेकांना ढकलू लागेल. मानहाइमचे ड्रम्स कधी पुढे पळतात, कधी धापा टाकत मागून येतात. मला हे ड्रम्स फार आवडतात. घड्याळ लावून वाजवलेल्या आजच्या मेटल अल्बममध्ये माणूस शोधावा लागतो. इथे तो घामासकट समोर असतो. मग आणखी एक गाणं, ज्याचं नाव इथे छापण्याजोगं नाही. मग व्हेनमच्या ‘विचिंग अवर’ची नक्कल, मूळ गाण्याहून तोकडी आणि अधिक उद्धट. शेवटाकडे जाताना अचानक मानहाइमच्याच नावाचा पियानोचा एक छोटा तुकडा लागतो, मिनिटभराचाही नाही. पुन्हा एक स्फोट. आणि सगळं संपलं असं वाटत असताना पहिल्या आवृत्तीत लपवलेलं एक गाणं येतं: ‘द यंग वन्स’ या बीबीसीच्या वेडगळ विनोदी मालिकेतल्या मंडळींचं फुलांचं बालगीत, पोरांनी सुरात सूर मिसळून म्हटलेलं. नंतरच्या आवृत्त्यांतून ते गायब झालं.

हे फुलांचं गाणं मला या तबकडीची किल्ली वाटते. जर्मन प्रायोगिक संगीत, पियानो, व्हेनम आणि दूरदर्शनवरचा विनोद, हे सगळं साडेसतरा मिनिटांत कोंबणारी पोरं मनापासून खिदळत असली पाहिजेत.

मात्र खिदळण्याच्या नावाखाली सगळंच माफ करता येत नाही. गाण्यांचे शब्द चिरफाडीचे आहेत. तेव्हाच्या भयपटांतून उचललेले, शाळेच्या शेवटच्या बाकावरून एकमेकांना ढकलत केलेल्या चढाओढीसारखे. एका गाण्यात स्त्रीच्या देहाची जी दशा केली आहे, ती किळसवाणी आहे आणि तिच्यात कल्पकताही नाही. मुखपृष्ठावर तोडून लटकवलेल्या माणसाच्या हातांचं छायाचित्र आहे. ते रंगवलेलं नाही, खरं आहे. कुणाचे तरी हात. लांगहूसच्या सुरक्षित घरात बसून दूरच्या कोणाच्या तरी यातनेचं पोस्टर करणं सोपं होतं, आणि त्यातलं क्रौर्य त्या वयात त्यांना जाणवलं असेल असं वाटत नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत याच वर्तुळाने खऱ्या मरणाशी जो व्यवहार केला, त्याचं बी या छायाचित्रात शोधणारे लोक आहेत. मी इतकी सरळ रेघ ओढणार नाही. पण छायाचित्र नजरेआडही करता येत नाही.

मुखपृष्ठ रक्तासारखं लाल हवं होतं. छापून आलं ते गुलाबी. हजार प्रती, स्वतःच्या ‘पोझरकॉर्प्स म्युझिक’ या कंपनीच्या नावाने. ही कंपनी म्हणजे बँडच. त्यामुळे जगातल्या सर्वांत भीषण बँडचा मान मिळवायला निघालेल्या पोरांच्या पहिल्या तबकडीचा रंग बाळंतविड्यातल्या झबल्याचा झाला. आज त्याच गुलाबी प्रतींवर संग्राहक तुटून पडतात.

खरं तर गोष्ट इथेच दुसऱ्या वळणाला जायला हवी होती. तसे अनेक बँड होते. एक तबकडी काढायची, चार कार्यक्रम करायचे, मग नोकरी, लग्न. मानहाइम आणि मेनिअ‍ॅक १९८८ मध्ये बाहेर पडलेही. त्यांच्या जागी स्वीडनहून डेड आला आणि ड्रम्सवर यान अ‍ॅक्सेल ब्लूमबर्ग ऊर्फ ‘हेलहॅमर’. दोघेही आपापल्या कामात आधीच्यांपेक्षा कितीतरी सरस. मेहेम चांगला बँड झाला. गंभीरही झाला. डेड प्रेतासारखा चेहरा रंगवून मंचावर यायचा आणि त्याच्यापुरता तो खेळ नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर स्तुबरूड बाजूला झाला. मित्राच्या मरणाचं आर्सेथने जे भांडवल केलं, ते त्याला सहन झालं नाही, हे त्याने नंतर अनेकदा बोलून दाखवलं आहे.

१९९१ मध्ये आर्सेथने ऑस्लोत ‘हेल्वेते’, म्हणजे नरक, नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. काळ्या भिंती, कमी विक्री, तळघरात जमणारी पोरं. सोबत ‘डेथलाइक सायलेन्स’ ही रेकॉर्ड कंपनी होतीच. तिच्या प्रत्येक रेकॉर्डला क्रमांक असे आणि क्रमांकाच्या आधी ‘अँटी-मॉश’ हे बिरूद. मॉश म्हणजे पंक आणि थ्रॅशच्या कार्यक्रमांत मंचापुढे चालणारी आनंदी धक्काबुक्की. कंपनीची घोषणा साधारण अशा अर्थाची होती: धक्काबुक्की नको, हार्डकोर नको, फॅशन नको, मजा तर नकोच. १९९० चा स्वीडनचा ‘मर्सिलेस’ पहिल्या क्रमांकावर, विकर्नेसचा ‘बुर्झुम’ दुसऱ्या. आणि १९९३ मध्ये, अँटी-मॉश ००३ म्हणून, ‘डेथक्रश’ सीडीवर पुन्हा निघाली.

हजार प्रती किती लोकांपर्यंत पोचणार? बहुतेकांनी ‘डेथक्रश’ ऐकली ती या दुसऱ्या जन्मात. तोवर चर्चेस जळली होती, जानेवारी १९९३ मध्ये बर्गनच्या वृत्तपत्रात विकर्नेसची मुलाखत छापून आली होती, धरपकड झाली होती, गवगव्यामुळे दुकानाला टाळं लागत होतं आणि काही महिन्यांत आर्सेथच मारला जायचा होता. ऐकणाऱ्याने सीडी लावली ती हे सगळं डोक्यात घेऊन. त्यामुळे श्निट्झलर यांचा ठोका त्याला सैतानी मिरवणूक वाटला, मेनिअ‍ॅकची किंचाळी अघोरी वाटली, हात तर भविष्यवाणीच. मजेला बंदी घालणाऱ्या कंपनीने बहुधा आपल्या यादीतली सर्वांत मजेदार गोष्ट विकायला काढली होती आणि ग्राहकाने ती भयाच्या भावाने घेतली. आर्सेथला यातली विसंगती दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही. पत्रव्यवहारात मुरलेला माणूस होता तो. कोणाला काय विकायचं हे त्याला कळत होतं.

कोलबोटनच्या त्या स्टुडिओचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९९१ मध्ये कोलबोटनच्याच ‘डार्कथ्रोन’ने तिथे ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ रेकॉर्ड केला. त्यांच्या ‘पीसव्हिल’ या इंग्लिश कंपनीला स्वच्छ, तंत्रशुद्ध डेथ मेटल अपेक्षित होतं. हाती आला तो खरखरीत, मुद्दाम मागे नेलेला आवाज. कंपनी कुरकुरली, बँड अडून बसला: नको असेल तर आर्सेथच्या कंपनीतून काढतो. अल्बम जसाच्या तसा निघाला आणि आर्सेथलाच अर्पण केला गेला. आज नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कायमस्वरूपी प्रदर्शनात, देशाच्या सांस्कृतिक ठेव्याच्या रांगेत तो ठेवलेला आहे. डार्कथ्रोनचा फेनरिझ उघडउघड पंकवेडा. २००६ पासून त्याने बँडला पुन्हा त्याच वाटेवर नेलं. २०१५ मध्ये, मला मत देऊ नका असं सांगणाऱ्या, हातात मांजर घेतलेल्या पोस्टरच्या जोरावर तो स्थानिक परिषदेचा राखीव सदस्यही झाला. मजा नको म्हणणाऱ्यांच्या गावात इतकी मजा शिल्लक होती.

मेहेमही सरकारी शाबासकीच्या टप्प्यात आला. २००७ च्या ‘ऑर्डो आद काओ’ला नॉर्वेचा मानाचा ‘स्पेलेमान’ पुरस्कार मिळाला. त्या अल्बममध्ये खेळकर असं काही नाही. तो कोंदट, बुद्धिमान आणि थकवणारा आहे. हेल्वेतेच्या जागेत पुढे ‘नेसेब्लूड’ हे रेकॉर्डचं दुकान निघालं, पर्यटक तिथे तळघर पाहायला जात. स्तुबरूडने स्वतःच्या जपून ठेवलेल्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं. मानहाइम आणि मसायाह यांनी ‘ऑर्डर’ नावाचा नवा बँड केला. श्निट्झलर २०११ मध्ये वारले. दारात बसलेल्या त्या पोराला त्यांनी कशी रचना दिली, हे त्यांच्यावरच्या लेखांत आता आवर्जून येतं, आणि मेहेममुळे त्यांच्याकडे वळलेले श्रोते काही थोडेथोडके नाहीत.

२०२१ च्या जुलैमध्ये मेहेमने एक छोटी तबकडी काढली. पहिल्या बाजूला त्यांच्या तेव्हाच्या गंभीर अल्बमच्या वळणाची गाणी. दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज, डेड केनेडीज, रुडिमेंटरी पेनी आणि रामोन्स यांची पंक गाणी, एकामागून एक, दम न खाता. त्यांत गायला पाहुणे म्हणून दोघांना बोलावलं होतं: मसायाह आणि मेनिअ‍ॅक.